प्रश्न उद्भवत नाही!

संसदेत मंत्र्याला प्रश्न विचारला की त्याचं छापील उत्तर येतं. (अ), (ब), (क), (ड) असे तुकडे पाडलेलं. (अ)चं उत्तर ‘नाही’ असं ठोकून दिलं की उरलेल्या सगळ्यांना मिळून एकच ओळ पुरते : ‘प्रश्न उद्भवत नाही.’

माणूस मेला का? नाही. मग तो कशानं मेला, किती मेले, जबाबदार कोण, बायकापोरांना काय दिलं? प्रश्न उद्भवत नाही. खलास. तीन शब्दांत मढं झाकलं.

लोकसभेत सकाळी अकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. खासदारानं निदान पंधरा दिवस आधी प्रश्न पाठवायचा. चांदणी लावलेला तो तारांकित. त्याला मंत्र्यानं उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, आणि वर पूरक प्रश्न विचारता येतात. बिनचांदणीचा तो अतारांकित. त्याला फक्त कागद मिळतो. अख्ख्या राज्यकारभारात मंत्र्याला रोज उभं करायची हीच काय ती एक वेळ. बाकीचा दिवस तो बोलतो, आपण ऐकतो.

रेशन, शाळा, रस्ता असल्या प्रश्नाला मंत्री निदान खोटा आकडा द्यायची तरी तसदी घेतो. पण संरक्षण आणि परराष्ट्र ही दोन खाती निघाली की तेवढीही तसदी नाही. ‘ही माहिती उघड करणं राष्ट्रहिताचं नाही’ एवढं म्हटलं की सभागृह गप्प. विरोधी बाकावरचे वाघ शेपूट घालून खाली बसतात. का? तर जास्त विचारलं आणि कुणी देशद्रोही म्हटलं तर?

वस्तीतली पोरं मला म्हणतील, अरे, नळाला पाणी नाही, संडासाला दार नाही, आणि तू चीनच्या आणि विमानांच्या गोष्टी काय काढल्यास? आपल्याला काय त्याचं?

आपल्यालाच आहे त्याचं. भरती निघाली की पहाटे चारला मैदानात धावणारी पोरं कुणाची असतात? मलबार हिलची? महाराची, मांगाची, चांभाराची, कुणब्याची, धनगराची, आदिवाशाची. बंदूक धरणारा हात शेतमजुराच्या घरातला, गिरणीवाल्याच्या घरातला, आणि बंदुकीचा पैसाही आपलाच. साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर आपण कर भरतो. माणूस आपला, पैसा आपला, मग उत्तर तेवढं साहेबाच्या कपाटात का?

मला या लेखात एकच गोष्ट सांगायचीय. हे जे संरक्षणाचं गुपित म्हणतात, ते शत्रूपासून नसतं. शत्रूला बहुतेक वेळा ते आधीच माहीत असतं. गुपित असतं ते आपल्यापासून. पुरावा पाहिजे? घ्या.

०००

१९५७ साल. चीननं तिबेट आणि सिंकियांग जोडणारा रस्ता अक्साई चीनमधून नेला. आपण ज्याला आपला भाग म्हणतो त्यातून. रस्ता पुरा झाला ही बातमी चीननं लपवली नाही. चिनी पेपरात छापून आली. पेकिंगमधल्या आपल्या वकिलातीनं ती वाचली आणि दिल्लीला कळवलं. १९५८च्या उन्हाळ्यात आपले जवान बघायला पाठवले. ऑक्टोबरात चीनला निषेधाचा खलिता गेला.

आणि संसदेला कधी कळलं? ऑगस्ट १९५९ मध्ये. पंडित नेहरू पंतप्रधान होते आणि परराष्ट्र खातंही त्यांच्याकडेच होतं. त्यांनी तेव्हा लोकसभेत या रस्त्याची कबुली दिली. सप्टेंबरात खलित्यांची श्वेतपत्रिका पटलावर ठेवली.

आता हिशोब करा. रस्ता बांधला चीननं, म्हणजे चीनला माहीत. छापला चिनी पेपरानं, म्हणजे पेपर वाचणाऱ्या प्रत्येक चिनी माणसाला माहीत. दिल्लीतल्या चार साहेबांना माहीत. माहीत नाही ते फक्त इथल्या माणसांना, ज्यांच्या मतावर ते सभागृह उभं आहे. जवळजवळ दोन वर्षं. हे गुपित कुणापासून होतं मग?

आणि उघड झाल्यावर उत्तर काय? तिथं तर गवताचं पातंसुद्धा उगवत नाही. त्यावर महावीर त्यागी नावाच्या काँग्रेसच्याच खासदारानं आपल्या टकलावर हात ठेवून विचारलं, इथंही काही उगवत नाही, मग हेही देऊन टाकायचं का? हा किस्सा लोक हसून सांगतात. मला हसू येत नाही. जिथं गवत उगवत नाही तिथं माणूस उभा करायचा होता, पहाऱ्याला. तो माणूस कोण, त्याच्या पायात काय, पोटात काय, हे त्या दिवशी सभागृहाला उमगलं नाही.

०००

तीन वर्षांनी उमगलं. २० ऑक्टोबर १९६२. नामकाचूच्या खोऱ्यात आपले जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत होते. हातात .३०३ रायफल, पहिल्या महायुद्धाच्या काळची जात. काडतुसं मोजकी. त्याआधी आठच दिवस पंतप्रधानांनी विमानतळावर पत्रकारांना सांगितलं होतं की चिन्यांना हुसकून लावायचे हुकूम दिलेत. हुकूम दिलेत! गरम कपडे दिले नव्हते, हुकूम दिले होते.

महिन्याभरात सगळं संपलं. सरकारी आकडे आहेत : १३८३ ठार, १६९६ बेपत्ता, ३९६८ कैदी.

संरक्षणमंत्री कोण होते? कृष्ण मेनन. ते काही दूरचे नव्हेत, ते आपल्या मुंबईचे खासदार. १९५७ ला उत्तर मुंबईतून निवडून आले, १९६२ ला पुन्हा आले, आचार्य कृपलानींना पाडून. या शहरातल्या कामगारानं त्यांना मतं टाकली. युनोत काश्मीरवर आठ तासांच्या घरात बोललेला हा माणूस. जगाला उत्तर द्यायला आठ तास होते. सैन्याच्या तयारीबद्दल घरचे लोक विचारत होते तेव्हा मात्र उत्तर एकच, सगळं ठीक आहे.

मेनन गेले. मग यशवंतराव चव्हाण आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, अशी आरोळी महाराष्ट्रात उठली. आजही शाळेच्या स्नेहसंमेलनात ती ठोकतात. पण सह्याद्रीनं हिमालयात जाऊन काय केलं ते कुणी सांगत नाही. पराभवाची चौकशी केली होती लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी. त्यांचा अहवाल १९६३ साली सरकारकडे आला. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केलं : प्रशिक्षणात उणीव, सामग्रीत उणीव, हुकमाच्या साखळीत उणीव. आणि खुद्द अहवाल? तो देता येणार नाही, शत्रूला फायदा होईल.

बरं, १९६३ साली हे समजण्यासारखं होतं. जखम ओली होती.

पण पुढं बघा. २०१० साली, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी, संरक्षणमंत्री ए. के. अँटनींनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं : अहवाल अतिशय संवेदनशील आहे, आणि आजच्या लष्करी कामाच्या दृष्टीनंही त्याला मोल आहे, म्हणून उघड करता येत नाही. मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकारानं त्याच अहवालाचा मोठा भाग इंटरनेटवर टाकून दिला. तेव्हा विरोधी बाकावर असलेले अरुण जेटली म्हणाले, जुनी दफ्तरं कायम दडवून ठेवू नयेत. अडीच महिन्यांत सरकार बदललं. जेटलीच संरक्षणमंत्री झाले. जुलै २०१४ मध्ये राज्यसभेत त्यांनी लेखी उत्तर दिलं. काय दिलं असेल? अहवाल उघड करणं राष्ट्रहिताचं नाही!

खादीवाला गेला, भगवा आला. माणूस बदलला, बाक बदलला, टोपी बदलली. उत्तराचा कागद तोच.

आज तो मजकूर बीजिंगमधला कुणीही चिनी अधिकारी चहा पिता पिता वाचू शकतो. जगात कुणीही वाचू शकतो. फक्त आपल्या खासदाराला तो आपल्या सभागृहाच्या पटलावर मागता येत नाही. २०२१ साली संरक्षण खात्यानं स्वतःच नियम केला की जुनी दफ्तरं साधारण पंचवीस वर्षांत खुली करायची. १९६३ अधिक पंचवीस किती होतात हे दुसरीतलं पोरगं सांगेल. मंत्र्याला विचारा, म्हणेल प्रश्न उद्भवत नाही.

०००

हा शहाणपणा दिल्लीनं स्वतः शोधला असं समजू नका. तो गोऱ्या साहेबाकडून वारसानं आलाय. आणि त्याची सगळ्यात मोठी खूण हिमालयात नाही, इथं मुंबईच्या गोदीत आहे.

१४ एप्रिल १९४४. तारीख नीट वाचा. बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज दोन दिवसांपासून उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा. त्यावरच कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी. सोन्याच्या विटासुद्धा. स्फोटक माल असलेल्या जहाजानं तांबडा बावटा लावायचा, हा बंदराचा नियम. पण युद्ध चालू, गुप्तता पाहिजे. बावटा लावलाच नाही. दुपारी आतून धूर निघायला लागला तेव्हाही आजूबाजूच्या जहाजांवर लोक काम करत राहिले. गोदीत रोज कुठं ना कुठं धूर असतो. बावटा असता तर पळाले असते. चारच्या सुमाराला जहाज फुटलं. थोड्या वेळानं पुन्हा फुटलं. गोदी गेली, मांडवीच्या बाजूची घरं गेली. सहासष्ट बंबवाले गेले. मेलेल्यांचा आकडा कुणी आठशे सांगतं, कुणी तेराशे. रोजंदारीवरच्या माणसांची खानेसुमारी कोण करतो?

आणि बातमी? ब्रिटिश सरकारनं दाबली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पेपरात सविस्तर छापायला बंदी. पण जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं १५ एप्रिललाच ती जगाला सांगून टाकली. म्हणजे शत्रूला दुसऱ्या दिवशी माहीत, आणि मुंबईच्या माणसाला आपल्या शहरात काय झालं ते पेपरात वाचायला महिना!

ज्या गोदीत मी ओझी वाहतो तिथं अजूनही पेटीवर काय लिहिलंय ते पहिल्यांदा बघायची सवय जुनी माणसं नव्या पोराला लावतात. ही सवय कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. न लावलेल्या बावट्यानं ती शिकवली.

बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात होते. त्यांच्याकडे मजूर खातं. दारूगोळ्याचं खातं साहेबाकडे. मेलेले मजूर आपल्या खात्यात, त्यांना मारणारा माल दुसऱ्याच्या खात्यात. ही वाटणी लक्षात ठेवा. स्वातंत्र्यातही ती तशीच राहिली.

०००

२७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलावरून दिला एवढंच आपल्याला सांगतात. जयंतीच्या भाषणात तेवढंच येतं. ते खरं आहे, पण अर्धं. राजीनाम्याच्या निवेदनात आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या आपण वाचत नाही.

एक : मंत्रिमंडळातली खरी कामं समित्यांत होतात. परराष्ट्र समिती, संरक्षण समिती. या एकाही समितीवर त्यांना घेतलं नाही. बंद दारामागं ठरायचं आणि मंत्रिमंडळानं फक्त नोंद करायची. घटना लिहिणारा माणूस मंत्रिमंडळात, पण दाराबाहेर!

दोन : परराष्ट्र धोरण. त्यांनी साधा हिशोब मांडला. देशाचं वर्षाचं उत्पन्न साडेतीनशे कोटी, त्यातले एकशे ऐंशी कोटी सैन्यावर. धोरण असं की संकटात धावून येईल असा मित्र उरला नाही, म्हणून हा खर्च. उपाशी माणसाला अन्न द्यायला पैसा कुठून येणार?

हे निवेदन १० ऑक्टोबरला ते सभागृहात वाचणार होते. उपसभापतींनी आधी प्रत मागितली. आधी दाखवा, मग बोला. बाबासाहेबांनी कागद गोळा केले, बाहेर पडले आणि निवेदन पत्रकारांच्या हातात दिलं. सभागृहात तोंड बंद केलं तर बाहेर बोलायचं, हा धडा आपल्याला तिथं मिळालाय.

पुढं २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत ते पुन्हा उभे राहिले. त्याच वर्षी चीनबरोबर पंचशील झाला होता. सगळा देश टाळ्या वाजवत होता. बाबासाहेबांनी विचारलं, माओचा पंचशीलावर विश्वास आहे का? ल्हासावर चीनचा ताबा मान्य करून तुम्ही चीनची सरहद्द आपल्या दारात आणून ठेवलीत, हे त्यांनी तिथंच सांगितलं. १९५४ मध्ये. रस्ता व्हायच्या तीन वर्षं आधी, नामकाचूच्या आठ वर्षं आधी. कुणी ऐकलं? अस्पृश्यांच्या पुढाऱ्यानं अस्पृश्यांवर बोलावं, ल्हासाचं त्याला काय कळतं! आजही आपल्याला हेच सांगतात, फक्त जरा गोड शब्दांत.

कुणीतरी तोंडावर फेकेल की जगजीवनराम १९७१ च्या युद्धात संरक्षणमंत्री होते. होते. खुर्चीवर आपल्यातला माणूस बसला म्हणून त्या खात्याला तोंड उघडायची सवय लागली नाही. मला खुर्ची नको आहे. मला उत्तर पाहिजे.

०००

आता ताज्या गोष्टी.

नोव्हेंबर २०१६. राफेल विमानाची किंमत किती? संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे, आपल्या धुळ्याचे खासदार, लोकसभेत लेखी उत्तर देतात : एका विमानाला सुमारे ६७० कोटी रुपये. फेब्रुवारी २०१८. तोच प्रश्न. संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन राज्यसभेत सांगतात : फ्रान्सबरोबरच्या करारातल्या गुप्ततेच्या कलमामुळे तपशील देता येत नाही. सव्वा वर्षापूर्वी संसदेच्या कागदावर छापलेली किंमत गुपित कशी झाली? आणि कुणापासून? विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत. माहीत नाही ते पैसे देणाऱ्याला. भाजी घेतानासुद्धा आपली आई असा सौदा करत नाही.

जून २०२०. गलवानमध्ये आपले वीस जवान मेले. गोळी न झाडता, दगडांनी आणि काट्यांच्या दांडक्यांनी मेले. चारच दिवसांत सर्वपक्षीय बैठकीत पंतप्रधान म्हणाले, आपल्या हद्दीत कुणी घुसलेलं नाही. सप्टेंबरात संसद भरली ती प्रश्नोत्तराचा तास काढून टाकून. साथीचं कारण दिलं. भाषणाला साथ आडवी येत नाही, प्रश्नाला येते. १५ सप्टेंबरला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह लोकसभेत निवेदन करतात की चीननं फौज जमवली, ताबारेषा ओलांडायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी गृह खात्याचे राज्यमंत्री राज्यसभेत लेखी उत्तर देतात : गेल्या सहा महिन्यांत भारत-चीन सीमेवर घुसखोरी झालेली नाही. एक मंत्री म्हणतो आले, दुसरा म्हणतो कुणी आलंच नाही. उपग्रहाचे फोटो सगळं जग बघत होतं. वीस घरांतल्या आयाबायांनी कुणाचं खरं मानायचं?

त्याच आठवड्यात, १४ सप्टेंबरला, मजूर खात्याला लोकसभेत विचारलं : टाळेबंदीत घराकडे चालत निघालेले किती मजूर मेले? उत्तर : अशी आकडेवारी ठेवलेली नाही. मग भरपाई दिली का? आकडेवारीच नाही, तेव्हा प्रश्न उद्भवत नाही.

बघा, एकाच आठवड्यात दोन खाती. सीमेवरच्या मढ्याचं आणि हमरस्त्यावरच्या मढ्याचं उत्तर एकाच साच्यातलं. संरक्षण खात्यानं पन्नास-साठ वर्षं घोटून घोटून जी भाषा तयार केली, ती आता सगळ्या खात्यांनी उचललीय. म्हणून म्हणतो, तिकडचं आपल्याला काय, हा प्रश्न चुकीचा आहे. तिकडं खपवून घेतलं म्हणून इकडं आलं.

२८ जुलै २०२१ ला ते थेट आपल्या दारात आलं. राज्यसभेत विचारलं, हातानं मैला साफ करताना किती माणसं मेली? उत्तर : असा एकही मृत्यू नोंदलेला नाही. त्याच अधिवेशनात त्याच खात्याचा आकडा आहे, गटारं आणि मैल्याच्या टाक्या साफ करताना ९४१ मेले. म्हणजे गटारात गुदमरून मेला तो मैला साफ करताना मेला नाही! ‘घुसखोरी’चा आणि ‘मैला सफाई’चा हा एकच खेळ आहे, शब्दाची व्याख्या एवढी अरुंद करायची की मढं तिच्यात मावतच नाही. आणि हे उत्तर दिलं कुणी? रामदास आठवलेंनी. एकेकाळच्या पँथरनं. मी यावर जास्त लिहीत नाही. शाई महाग आहे.

०००

आता पलीकडचा मुद्दा. गुपित असूच नये का? असावं. आज रात्री कुठली तुकडी कुठल्या खिंडीत आहे, हे मंत्र्यानं सभागृहात ओरडून सांगावं असं कोण म्हणतं? संकेताची भाषा, तोफेची जागा, हेराचं नाव, झाका खुशाल. त्यानं आपल्याच पोरांचा जीव वाचतो. पण बुटांचा हिशोब हे गुपित नाही. विमानाची किंमत हे गुपित नाही. साठ वर्षांपूर्वी कुणी चुकीचा हुकूम दिला हे गुपित नाही. ती लाज आहे. आणि आपली लाज झाकायला आमच्या मढ्यावरचा तिरंगा ओढून घ्यायचा नाही.

कारगिलच्या चौकशीचा अहवाल २००० साली संसदेत ठेवला की नाही? काही मजकूर झाकला, बाकीचा छापला. देश बुडाला का? नाही. म्हणजे मनात आलं तर जमतं.

आणि आम्हाला देशभक्ती कुणी शिकवू नये. १८९० च्या दशकात साहेबानं महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेपर्यंत अर्ज धाडला. आमचं काय चुकलं ते सांगा, असं विचारत. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर मोडली. १९४१ ला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण मंडळावर गेले, आणि त्याच साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९८७ साली श्रीलंकेत परमवीरचक्र मिळवून मेला तो मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महारचा. त्या मोहिमेत हजारावर भारतीय जवान मेले. कशासाठी गेलो, काय मिळवलं, याचं सरळ उत्तर त्यांच्या घरच्यांना कुठल्या मंत्र्यानं दिलं? मरायची परवानगी मिळवायला आम्हाला अर्ज करावे लागले. आता मेल्यावरचं उत्तर मागायलाही अर्जच करायचे का?

आणि २०२२ पासून तर फौजेची नोकरीच चार वर्षांची झाली. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस ठेवायचे, बाकीचे घरी. गोदीत आम्ही कंत्राटी, सरहद्दीवर आमचा भाऊ कंत्राटी. ज्याला नोकरीची शाश्वती नाही त्यानं देशाच्या शाश्वतीसाठी मरायचं, आणि त्याच्या बापानं प्रश्न विचारला तर तो देशद्रोही!

०००

मित्रांनो, आपलीही एक सवय मोडली पाहिजे. राखीव जागांमधून निवडून गेलेले आपले खासदार संसदेत काय विचारतात? शिष्यवृत्ती, वसतिगृह, बॅकलॉग. ते विचारलंच पाहिजे. पण तेवढंच विचारायचं, आणि संरक्षण-परराष्ट्र निघालं की मोठ्या जातींच्या मोठ्या माणसांची खाती म्हणून खाली मान घालायची, हा मनातला गावकूस आहे. बाबासाहेबांनी तो १९५१ ला ओलांडला, १९५४ ला ओलांडला. आपण त्याच्या आतच बसलोय.

म्हणून आपापल्या मतदारसंघातल्या खासदाराकडे जा. पाच-पाच, दहा-दहा जण जा. पक्ष बघू नका. त्याच्या हातात लिहिलेले प्रश्न द्या, आणि अधिवेशनाची तारीख निघाली की पुन्हा जा. हे प्रश्न द्या :

१. हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल खात्याच्याच पंचवीस वर्षांच्या नियमाप्रमाणे पटलावर कधी ठेवणार?

२. १९६२ च्या १६९६ बेपत्ता जवानांपैकी किती जणांचा पत्ता लागला, आणि उरलेल्यांच्या घरी शेवटचं काय कळवलं?

३. चार वर्षांनी घरी पाठवलेल्या अग्निवीरांपैकी किती जणांना कायमची सरकारी नोकरी मिळाली? राज्यवार, प्रवर्गवार आकडा द्या.

४. गलवाननंतर आपले जवान पूर्वी जिथपर्यंत गस्त घालत होते तिथपर्यंत आज जातात का? ‘हो’ किंवा ‘नाही’.

५. दारूगोळ्याच्या कारखान्यांत, कोठारांत आणि बंदरांत स्फोटक माल हाताळताना गेल्या दहा वर्षांत किती कंत्राटी कामगार मेले? त्यांची नावं द्या.

उत्तर येईल, नाही तर येणार नाही. ‘आकडेवारी ठेवलेली नाही’ असं आलं तर ते उत्तर मोठ्या अक्षरात वस्तीच्या फळ्यावर लिहा. ‘राष्ट्रहिताचं नाही’ असं आलं तर त्याखाली लिहा : कुठल्या राष्ट्राच्या? त्यात आम्ही आहोत का?

प्रश्न उद्भवतो की नाही हे मंत्र्यानं ठरवायचं नसतं. ज्याच्या घरातून तिरडी निघते त्याच्या घरात तो उद्भवलेला असतो.

तो आता संसदेच्या दारात नेऊन ठेवायचा आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही.

जय भीम.